चार एमबीची चित्राहुती

सर कॉम्प्युटरला ‘अहो’ म्हणायचे आणि आम्हाला ‘अरे’ नाहीतर ‘अगं’. “घाई करू नका, ते विचार करतायत,” असं पडद्याकडे बघत आदराने सांगायचे आणि त्याच दमात माझ्यावर खेकसायचे, “कोपरकर, तो पंखा बंद कर. पीठ उडतंय त्यांच्या अंगावर.” पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या मागे कोणी वडीलधारं येऊन बसलंय. वळून पाहिलं तर भिंत, आणि भिंतीवर की-बोर्डचा तक्ता.

पीठ मात्र खरंच उडायचं. आमचा क्लास डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वर, पहिल्या मजल्यावर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर पडद्यांवरची अक्षरं थरथरायला लागायची. नवीन पोरं घाबरायची, व्हायरस आला म्हणायची. सर मान वर न करता म्हणायचे, “व्हायरस नाही, ज्वारी आहे.” गव्हाला अक्षरं कमी हलतात आणि ज्वारीला जास्त, असा त्यांचा दावा होता. आम्ही पैज लावून खाली विचारायला जायचो आणि पुष्कळदा हरून वर यायचो.

माझं आडनाव कोपरकर नाही. मी कोपरची, खाडीकडच्या गावठाणातली, म्हणून कोपरकर. सरांच्या लेखी कुणालाच आडनाव नव्हतं. कल्याणहून तीन पोरं यायची, ती कल्याणकर एक, दोन आणि तीन. क्लासच्या मालकीण राहायच्या शेजारच्याच इमारतीत, त्यांना फक्त मॅडम, कारण शेजारच्या इमारतीला नाव नव्हतं. “आडनावावरून माणूस काय खातो तेवढं कळतं,” सर म्हणायचे, “गावावरून तो किती वाजता पोचेल ते कळतं. मला दुसरं जास्त उपयोगाचं.”

ही नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. मी त्यांच्याकडेच शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. सकाळी मुलांना टायपिंग आणि पत्रं लिहायला शिकवायची, दुपारी सरांबरोबर दुरुस्तीला आलेली यंत्रं उघडायची. तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. सर पन्नाशी ओलांडलेले, उंच, पुढे वाकलेले. अंगात बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर. चष्म्याच्या डबीत स्क्रू ड्रायव्हर ठेवायचे आणि चष्मा शर्टाच्या खिशात किल्ल्यांबरोबर, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर नव्यासारखा होता आणि चष्म्यातून त्यांना काय दिसत होतं देव जाणे.

ऐंशीच्या दशकात ते ठाण्याला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. यंत्रांच्या भागांची चित्रं ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायची, हे काम. मग कंपनीत चित्रं काढणारा कॉम्प्युटर आला. बाकीचे ड्राफ्ट्समन त्याच्याकडे पाठ करून बसायचे, सर मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. “माझी नोकरी खायला आले होते ते,” ते सांगायचे, “पण रेघ काय सुंदर मारायचे! मला राग धरताच येईना.” दोन-तीन वर्षांत ते ड्रॉइंग ऑफिस बंद झालं, सर घरी बसले आणि ज्याने नोकरी घालवली त्याचीच विद्या शिकून आमच्या क्लासात आले. ‘अहो’ म्हणायची सवय तेव्हापासूनची.

त्या दिवसांमधली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर रबराने जात नाही. ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, मग वरून नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा. “करणारा कितीही कुशल असू दे,” सर बोट वर करून म्हणायचे, “कागद उजेडाला धरला की चुकलेली रेघ दिसते.” आम्ही तोंड फिरवून हसायचो, कारण आमच्याकडे चूक खोडायला एक बटण होतं.

यंत्र सुरू करायची त्यांची एक शिस्त होती. तेव्हा कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर वाढत जायचे. यंत्र स्वतःची मेमरी मोजून घ्यायचं. ती मोजणी संपेपर्यंत सर हात जोडून उभे राहायचे आणि खोलीत कुणी शब्द काढायचा नाही. कुणी बोललंच तर, “शू! मोजणी चालू आहे.” आकडा थांबला की तो मोठ्याने वाचायचे, “मोजणी पूर्ण झाली,” म्हणायचे आणि मगच बसायचे. एकदा मॅडमच्या यजमानांना जोराची शिंक आली तर सरांनी यंत्र बंद करून पहिल्यापासून मोजायला लावलं.

दुपारी एक वाजता सरांचा डबा. तेवढ्यापुरतं त्यांचं यंत्रांकडे लक्ष नसायचं. डब्याचं झाकण ताटासारखं पुढे घ्यायचे, त्यात भात काढायचे, त्यावर तूप, आणि मग झाकणाच्या उजव्या बाजूला, थेट टेबलावर, पाण्याची बारीक धार सोडून भाताच्या पाच चिमुकल्या ढिगल्या ठेवायचे. तोंडाने काही पुटपुटायचे. मला पहिल्यांदा वाटलं, भात सांडला, म्हणून मी फडकं घेऊन धावले. सर दचकून ओरडले, “अगं अगं! चित्राहुती आहेत त्या!”

आमच्या घरी असलं काही नव्हतं. सरांनी समजावून सांगितलं, की जेवायच्या आधी आपल्याच ताटातलं थोडं काढून बाजूला ठेवायचं. चित्राच्या नावाने एक, चित्रगुप्ताच्या नावाने एक, यमाच्या दोन आणि शेवटची सगळ्या जीवांच्या नावाने. ती काढल्यावर उरेल ते आपलं. मी म्हटलं, “सर, त्या सगळ्या जीवांनी निरोप पाठवलाय, ते की-बोर्डात राहायला आलेत.” आणि दाखवलंच. तूपभाताच्या वासावर मुंग्या येत होत्या आणि टेबलावरून सरळ की-बोर्डात शिरत होत्या. ‘एन्टर’ दाबलं की दोन बाहेर यायच्या. मॅडमनी चित्राहुतीवर बंदी घातली. सरांनी दोन दिवस उपास केला. शेवटी असं ठरलं, की त्यांनी घालायच्या आणि जेवण झाल्याबरोबर मी ओल्या फडक्याने पुसायच्या. म्हणजे बंदी सरांवर आणि काम माझ्यावर. चिडायचे मी, पण रोज पाच ढिगल्या पुसायचे.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती मासे साफ करत होती, तिने मानही वर केली नाही. “त्यात काय मोठा नवल हाय?” ती म्हणाली. “तुजा आजा ताडी पिवाचे आदी बोट बुरवून दोन थेंब भुईला सोरतो, तसाच न त!” दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं, थोडं त्यांना डिवचायलाच. वाटलं, ताडीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करतील. सरांनी डबा खाली ठेवला. “अगदी तेच!” ते खूश होऊन म्हणाले. “तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग.” आजोबांना मी नमस्कार सांगितला. त्यांनी त्या संध्याकाळी चार थेंब सोडले.

मग तो लॅपटॉप आला.

आमच्या क्लासात लॅपटॉप येणं म्हणजे गावात हत्ती येण्यासारखं होतं. घोडबंदर रोडला तेव्हा नुकत्याच मोठ्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि तिथल्या एका आर्किटेक्टचा तो लॅपटॉप. न बांधलेल्या इमारतींची रंगीत चित्रं तो गिऱ्हाइकांना पडद्यावर दाखवायचा. चित्रं अडखळत उघडत होती, म्हणून कुणीतरी त्याला मेमरी वाढवायचा सल्ला दिला होता. आत बत्तीस एमबी होती, आणखी बत्तीस टाकून चौसष्ट करायची. आज मोबाइलमधल्या वीस-पंचवीस फोटोंना अपुरी पडेल एवढी ही मेमरी, पण तेव्हा ती सोन्याच्या तोलाची वाटायची. मेमरीची पट्टी बोटभर लांबीची, मुठीत सहज मावेल अशी, आणि दुरुस्तीवाले ती बदलतात, काढून घेतात अशा कथा घरोघरी होत्या.

सरांनी यंत्राला नमस्कार केला, मागचं झाकण उघडून दिलं आणि म्हणाले, “कोपरकर, तू बसव.” हा मोठा मान होता. मी पट्टी बसवली, झाकण लावलं, यंत्र सुरू केलं. आकडे पळायला लागले. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, फोन होता, मी गेले. परत आले तोवर खिडक्यांचं चित्र येऊन यंत्र तयार होतं. सर त्या वेळी खाली गिरणीवाल्याशी बाजरीवरून वाद घालायला गेले होते. मोजणी कुणीच बघितली नाही.

तीन दिवसांनी सकाळी आर्किटेक्ट आला. सरांच्या भाषेत, घोडबंदर आले. लॅपटॉप टेबलावर उघडून त्याने आम्हाला एक पान दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, मेमरी साठ एमबी.

“चौसष्टचे पैसे दिले मी,” तो म्हणाला. “चार कुठे गेली?”

मॅडम गडबडल्या. “असं कसं होईल साहेब? बघते ना मी.”

“बघा. कुणी बसवलेली? त्या गावठाणातल्या मुलीने ना?” मी तिथेच उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मी संध्याकाळी येतो. चार एमबी तरी दाखवा, नाहीतर चोर तरी दाखवा.”

लॅपटॉप ठेवून तो गेल्यावर मॅडम मला एवढंच म्हणाल्या, “बघ बाई, क्लासच्या नावाचा प्रश्न आहे. संध्याकाळपर्यंत काय ते बघू.” याचा अर्थ मला कळत होता. आमच्या गावठाणातून कॉम्प्युटरच्या नोकरीला बाहेर पडलेली मी एकटी मुलगी होते. बाबांनी चार जणांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून मला सोडलं होतं. चोर म्हणून एकदा नाव लागलं असतं, तर डोंबिवलीत दुसऱ्या कुठल्या क्लासने मला दारात उभं केलं नसतं, आणि ती चार जणं आमच्या ओटीवर येऊन बसली असती. खाली गिरणी सुरू झाली. पडद्यावरची साठ थरथरत होती, मीही.

सरांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. “मोजणी बघितली होतीस?”

“नाही सर. फोन होता.”

सर खूप वेळ चष्मा पुसत राहिले. मग इतक्या हळू आवाजात बोलले, की मला ते सर वाटेचनात. “कोपरकर, घरी काही अडचण आहे का?”

ओरडले असते तर चाललं असतं. हा प्रश्न मायेने विचारलेला होता आणि म्हणूनच तो माझ्या काळजात घुसला. म्हणजे चोरी मी केली हे धरूनच ते चालले होते, फक्त कारण विचारत होते. मी माझी पर्स उचलली आणि त्यांच्या टेबलावर उलटी केली. कंगवा, पास, दोन सेफ्टी पिना, आवळासुपारीची पुडी आणि माझा डबा पडला. डब्याचं झाकण उघडलं आणि सुकटीचा वास सगळ्या खोलीभर झाला. सर जन्माचे शाकाहारी. ते हलले नाहीत.

“बघा, चार एमबी आहेत का यात,” मी म्हटलं. रडू येत होतं म्हणून आवाज चढला. “आणि सर, तुम्हीच शिकवलंत ना, पट्ट्या आठाच्या येतात, सोळाच्या येतात, बत्तीसच्या येतात? बत्तीस आणि बत्तीस चौसष्ट. एक काढली तर बत्तीस उरतील, एक बदलली तर अठ्ठेचाळीस नाहीतर चाळीस. साठ कशी उरतील? चार चोरायला मला पट्टी करवतीने कापायला लागली असती!”

सर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या तोंडाचा आ झाला होता. “साठ हे माप बाजारात येतच नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्या वस्तू एकेक करून पर्समध्ये भरायला लागले. मी ती हिसकावून घेतली आणि जिन्यात जाऊन बसले.

एक वाजला. मी जिन्यातून त्यांना बघत होते. सरांनी सवयीने डबा उघडला, झाकणात भात काढला, पाणी फिरवलं, एक एक करून पाच ढिगल्या ठेवल्या. पहिला घास उचलला आणि तसाच हात हवेत थांबला. ते झाकणातल्या भाताकडे बघत होते, मग त्या पाच ढिगल्यांकडे, मग पुन्हा भाताकडे.

“कोपरकर!” इतक्या जोरात ओरडले की खालच्या गिरणीवाल्याने वर बघितलं. “अगं, ताटातलं कमी झालंय, पण चोरलं कुणी? काढून ठेवलंय! चित्रासाठी काढून ठेवलंय!”

भाताच्या हाताने यंत्राला शिवायचं नाही हा त्यांचाच नियम. उजवा हात वर धरून, डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला, मोजणीआधी उघडता येणारी, यंत्राच्या आतल्या मांडणीची निळी पानं उघडली आणि इंग्रजीतली एकेक ओळ नाकाजवळ धरून वाचायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. तिसऱ्या पानावर ती ओळ सापडली. चित्रासाठी सामाईक मेमरी, चार एमबी.

आमच्या क्लासातल्या सगळ्या यंत्रांना पडद्यासाठी वेगळं कार्ड होतं, आणि त्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी. पडद्यावर जे दिसतं ते तिथे साठवायचं, मुख्य मेमरीला हात लावायचा नाही. सरांनी आजवर तेवढंच बघितलं होतं आणि मी त्यांच्याकडून तेवढंच शिकले होते. या लॅपटॉपात वेगळं कार्ड नव्हतंच. चित्र काढणारी चिप मुख्य पाटीवरच बसवलेली, आणि तिला स्वतःचं काही नाही. म्हणून यंत्र जागं झालं की मोजायच्या आधीच ती मुख्य मेमरीतून चार एमबी उचलून बाजूला ठेवत होती. उरलेल्या साठांवर यंत्राने जेवायचं.

सरांनी चारच्या जागी दोन केलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. आम्ही दोघं हात जोडून उभे. आकडे धावले आणि थांबले. “बासष्ट,” सरांनी वाचलं. मग एक केलं. “त्रेसष्ट. मोजणी पूर्ण झाली.” आणि भात लागलेल्या हाताने त्यांनी स्वतःचं कपाळ बडवलं.

संध्याकाळी आर्किटेक्ट आला तेव्हा सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “तुमच्याकडे जेवताना चित्राहुती घालतात का?”

“वडील घालतात. त्याचा काय संबंध?”

“वडिलांच्या ताटातली शितं कमी झाली म्हणून आईंवर आळ घेता का?”

त्याला आधी राग आला, मग समजलं, मग पुन्हा राग आला. “ते ठीक आहे हो. पण मला माझी सगळी मेमरी पाहिजे.”

“देतो,” सर म्हणाले आणि दुपारी आम्ही पूर्ववत चार करून ठेवलं होतं, त्याचं एक केलं. आर्किटेक्टने आपल्या इमारतीचं चित्र उघडलं. आकाशात निळ्याचे पट्टे पडले, हिरवळीवर खरूज उठल्यासारखी दिसायला लागली आणि गुलाबी इमारत चक्क विटकरी झाली. “एवढ्या मेमरीत रंग मोजकेच बसतात,” सर शांतपणे म्हणाले. “सगळंच आपण खाल्लं तर चित्राने जगायचं कशावर? चित्र फुकट येत नाही साहेब.”

त्याने मुकाट्याने पुन्हा चार करायला सांगितलं. यावर दुसरं औषध नाही का, असंही विचारलं. सरांनी सांगितलं, टेबलावरचं यंत्र असतं तर वेगळं कार्ड लावून दिलं असतं. लॅपटॉपमध्ये मागाहून ते लावता येत नाही, विकत घेतानाच बघून घ्यावं लागतं. तो लॅपटॉप मिटून उठायला लागला, तेव्हा सरांनी त्यावर हात ठेवला. ‘अहो’ म्हणून ज्याला पंख्याचं वारंसुद्धा लागू द्यायचे नाहीत, त्याच्यावर त्यांनी पंजा दाबून धरला होता. “आधी तिच्याशी बोला,” ते म्हणाले.

“गैरसमज झाला,” आर्किटेक्ट भिंतीकडे बघत म्हणाला.

“भिंतीला काही म्हणाला नव्हतात तुम्ही.”

मग त्याने माझ्याकडे बघितलं. “सॉरी मॅडम,” म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलं होतं, तेही असं कान पिळून. मॅडमही “झालं गेलं, चहा मागवते” म्हणाल्या. फक्त सर काही बोलले नाहीत. मी वाट बघितली, दुसऱ्या दिवशीही बघितली. त्यांच्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही आणि मीही मनात अढी ठेवली. चारेक दिवसांनी त्यांचं टेबल पुसताना ढिगल्या मोजल्या तर सहा निघाल्या. वय झालं, मोजायला चुकले असतील, असं म्हणून मी फडकं फिरवलं. मोजण्यात हा माणूस चुकत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर मेमरीचा धडा सर नव्याने शिकवायला लागले. मुख्य मेमरीतून काढून घेतलेली ती चित्राहुती, आणि कार्डाची स्वतःची ती हक्काची. फळ्यावर एका बाजूला जेवणाचं पान काढायचे, दुसऱ्या बाजूला ताडीचा पेला. “आमच्याकडे भात, कोपरकरच्या आजोबांकडे ताडी. तत्त्व एकच,” असं सगळ्या वर्गासमोर सांगायचे. मी लाजेने लाल व्हायचे आणि पोरं तो धडा जन्मात विसरायची नाहीत. कुणाला नवीन यंत्र घ्यायचं असलं तर सर चिठ्ठी लिहून द्यायचे, ‘हक्काची मेमरी असलेलेच घेणे.’ कल्याणकर दोन ती चिठ्ठी घेऊन ठाण्याच्या एका दुकानात गेला आणि तासाभराने तिथून त्याने क्लासात फोन केला. दुकानदार म्हणत होता, “हक्का? ये चायनीज कंपनी है क्या? अपने पास सब ओरिजिनल माल है.” सर हसून हसून खुर्चीतून घसरले. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की अढी थोडी सैल झालीय.

वर्षभरात मला माजिवड्याला एका ऑफिसात नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी सरांनी मला चष्म्याच्या डबीसकट तो स्क्रू ड्रायव्हर दिला. “मोजणी शेवटपर्यंत बघत जा,” एवढंच म्हणाले.

मग बरीच वर्षं गेली. गिरणी गेली, क्लास गेला. एके दिवशी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. सरांना बरं नसतं, तुझी आठवण काढतात, रविवारी जेवायला ये. मी गेले. सर फार वाळले होते. उजवा हात कापत होता. अंगात तोच स्वेटर. मला बघून म्हणाले, “कोपरकर, वेळेवर पोचलीस,” आणि मला एकदम बरं वाटलं.

पानं मांडली. सरांनी कापत्या हाताने पाणी फिरवलं आणि एकेक ढिगली ठेवायला लागले. काकू माझ्या कानाशी लागल्या. “बघ हं, सहा घालतील. शास्त्रात पाच आहेत. क्लासात होते तेव्हापासून हे चालू आहे. कितीदा विचारलं, सहावी कुणाची म्हणून, सांगत नाहीत.” आणि त्या आमटी आणायला आत गेल्या.

सरांनी सहावी ठेवली. मी म्हटलं, “सर, ही कुणाची?”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी काही अडचण आहे का, असं मी एकीला विचारलं होतं.”

एवढी वर्षं हा माणूस रोज जेवायला बसताना तो प्रश्न स्वतःच्या ताटातून काढून बाजूला ठेवत होता, आणि मी त्यातले कितीतरी दिवस ओल्या फडक्याने पुसून टाकले होते. “सर, मी विसरलेसुद्धा ते,” मी म्हटलं.

“खोटं बोलतेस.”

“हो.”

“मग? उजेडाला धरलं की दिसतंच.”

“दिसू दे,” मी म्हटलं. “पण आता पाच पुरे. मी सांगतेय म्हणून.”

सरांनी माझ्या पानाकडे बघितलं. मग कापत्या बोटांनी त्यांनी ती सहावी ढिगली उचलली. अर्धी शितं वाटेत सांडली. उरलेली त्यांनी माझ्या पानात, वरणभाताच्या शेजारी ठेवली. “ही घे मग,” म्हणाले. “हक्काची.”

मी ती खाल्ली. तूप गार झालं होतं. डोळ्यातून पाणी येत होतं ते मी पुसलं नाही.

काकू आमटी घेऊन बाहेर आल्या, सरांच्या पानाच्या उजव्या बाजूला बघून थबकल्या. “अहो, आज पाचच? मोजायला चुकलात की काय?”

“नाही,” सर म्हणाले आणि त्यांनी पहिला घास उचलला. “मोजणी पूर्ण झाली. वाढ.”